रंगाऱ्याचं निळं बोट

चिमट्याचं तोंड जरा उघडा, म्हणजे मी दिसेन. वरचं पांढरं, गुळगुळीत, आकडे मिरवणारं आहे ते मी नव्हे, ते कवच. आत बोट टेकतं तिथली करडी मऊ गादी, ती मी. एरवी आमच्या घरात बोलायचं काम आकड्यांचं, माझं काम गप्प बसून बोट धरायचं. आज मात्र मी बोलतेय. फार दिवस गप्प बसले, पोटात बरंच साठलंय.

दुकानात आमच्या चिमट्याला ऑक्सिमीटर म्हणतात. बोट आत घातलं की रक्तात हवा किती पोचतेय ते तो सांगतो. नाव मोठं, जीव काडेपेटीएवढा.

माझं माहेर वाळूचं. खरं नाही वाटणार, पण पोरं जिच्यात पाय खुपसून खोपे करतात त्या वाळूच्या गोतातली मी. वाळूवर काय काय सोपस्कार करून, तापवून, औषधं घालून तिचा मऊ गोळा करतात, त्याला सिलिकॉन म्हणतात. दिसायला रबरासारखी म्हणून सगळे मला रबरच म्हणतात. आता मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. कारखान्यात दोन रुळांमध्ये घालून मला कणकेसारखं मळलं आणि तापलेल्या साच्यात दाबलं. वाटलं, संपलं सगळं. साचा उघडला तर मला रूप आलं होतं. बोटाला निजता येईल एवढा खोलगा, आणि वर-खाली दोन इवल्या खिडक्या.

कडेला झालर राहिली होती. ती कापायला एक बाई बसायच्या. हातात लहानशी कात्री, डोळ्यांवर चष्मा. एक गादी कापून झाली की स्वतःची करंगळी आत घालून कड टोचते का ते बघायच्या. शेजारची म्हणायची, "किती वेळ लावतेस गं? गादी आहे ती, अंगठी नव्हे."

"आजारी माणसाचं बोट जाणार हिच्यात," त्या म्हणायच्या. "टोचली तर मला शिव्या देईल."

"त्याला काय माहीत तू कोण ते?"

"म्हणून तर. नाव न घेता दिलेली शिवी जास्त लागते."

जगात आल्यावर मला पहिला स्पर्श झाला तो त्या करंगळीचा. अजून आठवतो.

मग मला कवचात बसवलं. आमच्या चिमट्यात बरीच मंडळी राहतात. वर लाल दिवा, खाली एक डोळा. दिव्याचा उजेड बोटातून पलीकडे येतो तो हा डोळा बघतो, आणि किती उजेड रक्तानं खाल्ला त्यावरून आकडा ठरवतो. बाहेरचा भलता उजेड आत शिरू नये, बोट हलू नये, कातडीला त्रास होऊ नये, हे माझ्याकडे. दिव्यावरची पारदर्शक टोपी, तारांवरचं पातळ साल, बटणाखालचा पापुद्रा, हे सगळे माझे भाऊबंद. मऊ माणसं, साधी माणसं. तांब्याच्या तारेला भाव फार, पण अंगावर साल नसेल तर ती बाई एक दिवस धड नांदायची नाही.

मला घरी आणलं ते एका रंगाऱ्याच्या सुनेनं.

घर म्हणजे पुढे दोन खोल्या, मागे अंगण. अंगणात जमिनीत अर्धं पुरलेलं मोठं पिंप, त्यात नीळ. त्याच्यावर दोऱ्या, दोऱ्यांवर ओली कापडं. म्हातारे रंगारी, त्यांची म्हातारी आणि ही सून. मुलगा मालाची गाडी घेऊन लांबलांब जायचा, आला की दोन दिवस झोपायचा आणि पुन्हा जायचा. निळीत घालायच्या चुन्याची धूळ, चुलीचा धूर आणि पिंपाची वाफ खाऊन खाऊन म्हाताऱ्यांची छाती खराब झाली होती. दोन बादल्या उचलल्या की भिंतीला टेकायचे. छातीच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, घरी एक चिमटा ठेवा, रोज बघा, आकडा नव्वदच्या खाली उतरला तर थांबू नका.

सुनेनं पहिल्यांदा चिमटा उघडला तेव्हा म्हाताऱ्यांनी हात मागे घेतला.

"ही मगर कुठून आणलीस?"

"बाबा, काही होत नाही. मऊ आहे आतून. घाला बोट."

"मगरीपण आतून मऊच असतात, पोरी."

शेवटी त्यांनी बोट घातलं. आणि मी दचकले. असं बोट मी पाहिलं नव्हतं. नखापासून दुसऱ्या पेरापर्यंत गडद निळं. नख तर शाईच्या दौतीत बुडवल्यासारखं. जन्मभर निळीत हात घालणाऱ्याचं बोट ते. पण धरल्यावर कळलं, ऊबदार आहे, आत रक्त छान धावतंय.

आकडा आला शहाऐंशी.

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. सून रडायला लागली, म्हातारीनं चपला उलट्या घातल्या, म्हातारे ओरडत होते, "अरे, मला काही होत नाहीये!" डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बोट बघून त्या हसल्या. त्यांच्याकडचा दुसरा चिमटा कानाच्या पाळीला लावला. आकडा आला पंच्याण्णव.

"नखाचा रंग," त्या म्हणाल्या. "उजेड रक्तापर्यंत धड पोचतच नाही. रंगच खातो. यांचं एक बोट तरी रंगापासून वाचवा. दहातलं एक. त्याच बोटाला लावत जा."

"नऊ बोटांनी कुणी रंग देतं का?" म्हातारे म्हणाले.

"मग हातमोजे घाला."

"हातमोज्यातून कापड कळत नाही हो. आंधळ्यानं चष्मा लावल्यासारखं होतं."

घरी येता येता म्हाताऱ्यांनीच तोड काढली. कान पंच्याण्णव म्हणतो, बोट शहाऐंशी म्हणतं. म्हणजे मधले नऊ रंगाचे. मगर जो आकडा सांगेल त्यात नऊ मिळवायचे, झालं. कपड्याच्या दुकानात सूट देतात ना, तशी ही रंगाची सूट.

म्हातारीला हे पटलं नव्हतं. "डॉक्टरनं सांगितलं एक, तुम्ही करता दुसरंच."

"अगं, हिशेब तोच आहे."

आणि तसं चालू झालं. सकाळी चहा झाला की सून मला लावायची आणि मोठ्यानं म्हणायची, "सत्त्याऐंशी अधिक सूट, शहाण्णव. जा बाबा, पिंप वाट बघतंय." घराला त्याची सवय झाली. शेजारची बाई यायची ती सुद्धा विचारायची, "काय हो, आज सूट धरून किती?"

ते दिवस फार गोड होते. म्हाताऱ्यांचं बोट माझ्यात आलं की थोडी नीळ मला लागायची. म्हातारी स्पिरिटचा बोळा घेऊन पुसायची, पण माझ्या एका गालात निळा डाग मुरत गेला तो मुरतच गेला. "बघा, हिलाही तुमचा रंग लागला," ती म्हणायची. म्हातारे म्हणायचे, "चाळीस वर्षांत तुला नाही लागला तो?" ती म्हणायची, "मी रोज अंघोळ करते."

अंगणात जे चालायचं ते मी खिडकीच्या फळीवरून बघायचे. कापड पिंपातून काढलं की निळं नसतं बरं का. हिरवट, पिवळट, आजारी दिसतं. मग त्याला वारा लागतो, आणि बघता बघता कडेपासून निळं चढत जातं. म्हातारे सुनेला शिकवायचे. "झटक. अजून झटक. कापडाला श्वास घेऊ दे. हवा प्यायलं की निळं होतं ते." सून झटकायची, तिच्या कोपरापर्यंत निळे ओघळ यायचे, आणि म्हातारे स्वतःच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजल्यासारखे उभे राहायचे.

कापड हवा पितं तेव्हा निळं होतं. माणूस हवेला मुकतो तेव्हा निळा होतो. त्या घरात ही दोन निळं एकमेकांत मिसळली, तिथेच सगळा घोटाळा झाला.

हळूहळू म्हाताऱ्यांचं उभं राहणं कमी झालं. सुनेनं पिंपाशेजारी स्टूल ठेवलं. ते बसून हुकूम सोडायचे. सुरुवातीला ती आत गेली की चोरून हात घालायचे पिंपात, आणि ती आली की हात पाठीमागे लपवायचे, बोटांतून निळे थेंब टपटप पडत असायचे. "बाबा, हात दाखवा." "नाही दाखवत." दोघांची रोजची मजा.

मग चोरूनही घालेनासे झाले. वाकायला दम पुरेना. त्यांनी शेवटचा हात कधी बुडवला ते कुणाच्या लक्षात नाही. अशा गोष्टी लक्षात राहत नाहीत, कारण त्या दिवशी कुणाला माहीत नसतं की ती शेवटची आहे. पुढे थंडी पडली. थंडीत नीळ आंबत नाही, पिंप झोपी जातं. सून त्यावर गोधड्या घालून ठेवायची. सगळे म्हणायचे, थंडी सरली की बाबा पुन्हा उठतील.

इकडे मला काय कळत होतं ते सांगते. बोट माझ्यात आलं की आता रंग लागत नव्हता. बोळ्यावर काही येत नव्हतं, म्हातारी नुसतीच पुसायची. आणि बोट गार लागत होतं. मी सिलिकॉन, ऊब चटकन घेणारी. बोटानं एवढीशी दिली तरी मी तापते. पण ते बोट द्यायलाच तयार नव्हतं. मी आपली घट्ट धरून बसायचे. दुसरं काय करणार?

आकडे खरंच सांगत होते. सत्त्याऐंशी. मग पंच्याऐंशी. मग चौऱ्याऐंशी. आणि सून, गुणी पोर, सवयीनं म्हणायची, "अधिक सूट, त्र्याण्णव. थंडीनं जरा कमी आहे." म्हातारे मान हलवायचे. त्यांना हेच हवं होतं. दवाखान्यात नेलं तर पिंप सोडा म्हणतील ही धास्ती. सुनेचा हात अजून बसला नव्हता, नीळ कधी जागी झाली ते तिला वासावरून कळत नव्हतं. तेवढं तिला शिकवून व्हावं, मग काय व्हायचं ते होवो, असं ते म्हातारीला म्हणायचे. म्हातारी म्हणायची, "काय व्हायचं ते मला होणार आहे, तुम्हाला नाही. तुम्ही आपले निघून जाल."

थंडी ओसरायला लागली तेव्हाची सकाळ. ऊन अंगणात आलं होतं. म्हातारे खुर्चीत, अंगावर शाल. म्हातारी त्यांच्यापुढे पाटावर, मांडीवर कोऱ्या कापडाचा तुकडा. ती त्यांची नखं कापत होती. नख वाढलं की ते माझ्या टोकाला अडायचं आणि बोट नीट आत जायचं नाही, म्हणून कापायची. सून पिंपावरच्या गोधड्या काढत होती.

"बाबा, वास आला! फेस धरलाय! निळा फेस!"

"ओरडू नकोस, घाबरेल ती नीळ," म्हातारे म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "काडीनं फेस बाजूला कर. खालचं पाणी कसं आहे?"

"हिरवट."

"आली जाग. आज पहिलं कापड. माझी खुर्ची पिंपाजवळ घ्या."

म्हातारी मात्र थांबली होती. कात्री हातात, नजर मांडीवर.

"सूनबाई, इकडे ये."

"आई, आलेच, हे एवढं..."

"ते राहू दे. आधी इकडे ये. ह्या कापडावर काय दिसतंय?"

सून हात पुसत आली, वाकली. "काही नाही."

"नखं कापलीत मी. पाच बोटांची."

"मग? दिसत नाहीत."

"तेच म्हणते मी. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्यांची नखं निळी. झाडताना लांबून दिसायची. आज पांढऱ्या कापडावर पडली आणि सापडेनात." तिनं एक तुकडा चिमटीत धरून उन्हात नेला. दुधासारखा पांढरा. "नखात रंग नाही गं."

मग तिनं म्हाताऱ्यांचा हात उचलला. नख बोटावर होतं तोवर निळसर दिसत होतं. कापून पडलं की पांढरं.

"नख पांढरं," ती म्हणाली, "मग बोट कशानं निळं आहे?"

पिंपातला फेस तेवढा फुसफुसत होता.

"थंडीनं असेल," म्हातारे म्हणाले.

सुनेनं मला आणलं. म्हाताऱ्यांच्या बोटाला लावलं. त्र्याऐंशी. "अधिक..." म्हणाली आणि पुढचं तोंडातच राहिलं. मला काढून सासूच्या बोटाला लावलं. सत्त्याण्णव. मग स्वतःच्या बोटाला लावलं. नखापर्यंत निळं, ताज्या निळीत भिजलेलं बोट. अठ्ठ्याऐंशी. ते बोट इतकं ऊन होतं की मला गहिवरल्यासारखं झालं, किती दिवसांनी ऊब मिळाली.

ती माझ्याकडे बघत राहिली. "माझं रंगाचं बोट जास्त दाखवतंय, आणि बाबांचं बिनरंगाचं कमी. आई, किती दिवस आपण सूट देतोय?"

"गाडी बोलाव," म्हातारी म्हणाली.

"अगं, पण पिंप..." म्हातारे उठायला गेले. "आज जागं झालंय ते. आज कापड नाही घातलं तर रुसेल. पोरीला एकटीला जमणार नाही."

"रुसू दे," म्हातारी म्हणाली. "माझ्यावर रुसू दे. चाळीस वर्षं त्याची समजूत काढलीत, आज माझी काढा. उठा."

"तू रडतेस का?"

"नाही. डोळ्यात नख गेलंय."

दवाखान्यात सुनेनं मला मुठीत धरून नेलं. डॉक्टरीणबाईंनी म्हाताऱ्यांच्या नाकाशी हवेची नळी लावली, ओठ बघितले, छाती ऐकली. मग विचारलं, "इतके दिवस घरचा चिमटा काय सांगत होता?"

"खरं सांगत होता," सून म्हणाली. "आम्हीच वर घालत होतो."

बाई रागावल्या नाहीत. तिच्या निळ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "आणलंत ना? आता बघू आपण."

चार-सहा दिवस फार वाईट गेले. मी म्हातारीच्या पिशवीत होते. तिचा हात सारखा आत यायचा, मला चाचपायचा आणि परत जायचा. मग एका दुपारी तिनं मला काढून म्हाताऱ्यांच्या बोटाला लावलं. आकडा तिनं मोठ्यानं म्हटला नाही, आणि वाचणं माझा प्रांत नव्हे. पण बोट कोमट होतं. मला तेवढं पुरलं.

म्हातारे घरी आले. सोबत हवेचं यंत्र आलं, घुमणारं, आणि नाकाशी पारदर्शक नळी. ती नळी म्हणजे माझीच चुलत बहीण. ती हवा पोचवते, मी पोचली का ते बघायला मदत करते, आमचं छान जमलं. पण धूर, धूळ, वाफ बंद. अंगणात जायचं नाही. खिडकीशी खुर्ची मांडली, माझ्याच फळीजवळ. हात पार गोरे झाले. म्हातारे ते मांडीवर ठेवून बघत बसायचे.

"कुणाचे गं हे हात?"

"तुमचेच."

"छे. कुणा कारकुनाचे वाटतात."

जेवण सुटलं, बोलणं आटलं. मगर म्हणणंही सोडलं. आकडा चांगला यायचा, पण माणूस खाली खाली जात होता, आणि ते मोजायचा चिमटा अजून निघायचाय.

सून हे बघत होती. पिंप आता तिच्या एकटीच्या हाती होतं. पहिलं कापड डागाळलं, दुसरं फिकं आलं. तिसरं आलं ते असं, की म्हातारे खिडकीतून बघत राहिले. ती आत आली. हातात चहाची बशी, बशीत पिंपातली नीळ. खाली बसली आणि म्हाताऱ्यांची करंगळी हातात घेतली.

"काय करतेस?"

"डॉक्टरीणबाईंना विचारून आलेय. नुसता रंग लावायला हरकत नाही म्हणाल्या." तिनं करंगळी बशीत बुडवली. "नऊ बोटं मगरीची. एक तुमचं."

बाहेर काढली तेव्हा करंगळी हिरवट होती. म्हाताऱ्यांनी ती तोंडासमोर धरली आणि फुंकर घातली. त्या छातीतून फुंकर ती केवढीशी! पण रंग फिरला. कडेपासून निळं चढत गेलं.

"श्वास घेऊ दे तिला," ते म्हणाले. आणि हसले. म्हातारी दारातून म्हणाली, "झालं. आता पुन्हा निळी नखं वेचा."

त्याला बरेच दिवस झाले. दर आठवड्याला बशी आत येते. मी मात्र म्हातारी झाले. आमच्या चिमट्याची स्प्रिंग ढिली पडली, दिवा विझला, माझी एक कड फाटली. नवा चिमटा आला घरात. त्याच्यात माझीच धाकटी जातकुळी आहे, गाल अजून कोरे आहेत तिचे. मला टाकून देणार होते, पण सून म्हणाली, "राहू दे. हिची पकड मऊ आहे, कापडावर वळ उठत नाही." आता रोज रंगवलेल्या कापडाचा एक तुकडा नमुन्याला माझ्यात धरतात आणि मला खिडकीत टांगतात. बोट धरायचे, आता निळं कापड धरते.

तुमच्या घरात माझी कुणी बहीण असेल तर एक मागणं आहे. ती जे सांगेल त्यात आपल्या पदरचं काही मिळवू नका. आणि तिला लावायच्या आधी माणसाचं बोट एकदा आपल्या मुठीत धरून बघा. गार आहे की ऊन, एवढं तरी.

म्हातारे रोज सकाळी मला हातात घेतात, नमुना काढून उजेडात धरतात आणि सुनेला हाक मारतात, "अजून एक बुडी दे!" मग कापड मांडीवर ठेवतात, आणि जुन्या सवयीनं बोट माझ्यात घालून बसतात. दिवा लागत नाही, आकडा येत नाही. मी धरते. हळूहळू ऊब चढते.

आज चांगली ऊन आहेत बोटं.